कळ, चमक आणि ठणका

माझी भाची डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या घरी माणसं जास्त आणि खोल्या कमी, म्हणून रविवारी ती आमच्याकडे कल्याणला अभ्यासाला येते. एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती देते आणि म्हणते, ‘मामू, यातलं काहीही विचारा.’ मी आपला बी.ए. झालेला माणूस. आमच्या अभ्यासक्रमातही हृदय होतं, पण ते कुणाला तरी देण्यासाठी किंवा तुटण्यासाठी. तेच हृदय माणूस स्वस्थ बसलेला असतानासुद्धा मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलत असतं, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त एका मिनिटात एक फेरी मारून येतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर या पोरीकडून कळलं.

श्रोतेहो, डॉक्टर होणारी मुलं पहिल्या वर्षी आजार शिकत नाहीत. ती शरीराची रचना, शरीराची क्रिया आणि शरीरातलं रसायन असे तीन विषय शिकतात. विकृतिशास्त्र, जंतू आणि औषधं यांचा नंबर त्यानंतर लागतो. आधी धडधाकट माणूस, मग आजारी माणूस. मला हा क्रम फार आवडला. व्याकरण कळल्याशिवाय चूक कळत नाही, तसंच हे. आणि पुढे गेल्यावर ध्यानात येतं की आपण ज्याला आजार म्हणतो त्यातला बराच भाग ही शरीराची आपली नेहमीचीच क्रिया असते, फक्त ती भलत्या वेळी किंवा भलत्या जोराने चाललेली असते.

तापाचंच बघा. आपण म्हणतो, अंगात कणकण आहे. मग हुडहुडी भरते. गोधडीवर गोधडी घातली तरी थंडी जात नाही, आणि आई कपाळाला हात लावते तर कपाळ तापलेलं. लहानपणी मला याचं मोठं कोडं वाटायचं. अंग गरम असताना थंडी का वाजावी? भाचीने सांगितलं की मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान राखणारी एक जागा असते. एरवी ती सदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास काटा धरून असते. जंतूंशी झगडा सुरू झाला की रक्तातून तिला निरोप जातो आणि ती काटा वर सरकवते, समजा एकोणचाळीसवर. आता सदतीसवर असलेलं शरीर तिच्या हिशेबाने थंड ठरतं. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ही झाली हुडहुडी. काटा खाली आला की घाम फुटतो आणि ताप उतरतो. आमच्या आयांनी ‘कणकण’ हा शब्द ताप चढायच्या आधीच्या त्या अवस्थेसाठीच राखून ठेवला होता. थर्मामीटर काही दाखवत नसतो, पण कणकण असते. घरोघरी बोलला जाणारा शब्द एवढा अचूक असू शकतो, याचा मला कवी म्हणून हेवा वाटला.

इथूनच माझ्या डोक्यात हा विषय घोळायला लागला. पुस्तकातलं शरीर इंग्रजीत बोलतं. ओपीडीत येणारं शरीर मराठीत बोलतं, हिंदीत बोलतं, उर्दूत बोलतं. या दोघांची गाठ नेमकी कोण घालून देतं?

शास्त्राला नावं तर पुष्कळ आहेत. इंग्रजीत फिजिऑलॉजी. मराठी परिभाषेत शरीरक्रियाशास्त्र. आयुर्वेदाच्या महाविद्यालयात याच विषयाला क्रियाशारीर म्हणतात. आणि युनानी वैद्यक शिकणारी मुलं पहिल्या वर्षी जो विषय घेतात त्याचं नाव आहे ‘मुनाफेउल आजा’. आजा म्हणजे अवयव. मुनाफे म्हणजे लाभ, फायदे. बाजारात आपण ज्याला नफा म्हणतो, तो याच घराण्यातला शब्द. अवयवांचे नफे! यकृताचा नफा काय, फुप्फुसाचा नफा काय. मला हे नाव सगळ्यांत गोड वाटतं. त्याच अरबी परंपरेत तेराव्या शतकात इब्न अन-नफीस नावाच्या हकिमाने लिहून ठेवलं होतं की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातून झिरपून डावीकडे जात नाही, ते फुप्फुसांतून फिरून जातं. विल्यम हार्वेने संपूर्ण रक्ताभिसरणाचा ग्रंथ १६२८ साली काढला, त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट.

आणि आपली रोजची मराठी? दवाखाना, इलाज, तब्येत, जखम, मलम, जुलाब, सर्दी, लकवा. हे सगळे पाहुणे फारसी-अरबीकडून आले आणि घरचे झाले. दमा हासुद्धा फारसीतल्या ‘दम’ म्हणजे श्वासाचाच. कुठल्याही खेड्यातली म्हातारी हे शब्द वापरते तेव्हा तिला ते परके आहेत असं कुणी सांगून बघावं. आजारपणात माणूस भाषेची जात विचारत नाही.

आता कळव्याला चला. ठाणे महानगरपालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. महाविद्यालय १९९२ सालचं. अशा ठिकाणी येणारे रुग्ण म्हणजे अख्खा जिल्हा असतो. मुंब्र्याची उर्दू बोलणारी बाई, कळव्या-विटाव्याचा आगरी माणूस, शहापूर-मुरबाडकडचे कुणबी, ठाकर, कातकरी, झोपडपट्टीतला पूर्वांचली मजूर. समोर बसलेला विद्यार्थी कदाचित लातूर-नांदेडकडचा. तोही मराठी, हाही मराठी, पण आगरी बोलीतली तक्रार त्याला पहिल्यांदा ऐकताना उलगडेलच असं नाही.

सांगता न येणं हे दुखणं जुनं आहे, आणि त्याचा धागा आमच्या कल्याणपर्यंत येतो. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म १८६५ चा, नववं वर्ष लागल्यावर लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, भाषण केलं. या देशाला स्त्री डॉक्टर का हव्यात, हे त्यांनी त्यात मांडलं. पुरुष डॉक्टरपुढे बाया मोकळेपणाने येत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. न बोलता सोसलेल्या दुखण्याचं निदान होत नाही, हे त्या मुलीला अनुभवाने ठाऊक होतं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात सारं काही परक्या भाषेत शिकून ११ मार्च १८८६ ला त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय मात्र घरचाच घेतला, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांची वाट बघत होतं. ते होऊ शकलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ च्या मार्चमध्ये जाहीर केला होता, त्या बोटीत बसण्याच्या वर्षभर आधी. औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ ला. कारण कळलेलं आणि उपाय नाही, अशा साठ वर्षांच्या फटीत आमच्या कल्याणची ही लेक सापडली.

आज औषधं आहेत. फट दुसरीकडे पडली आहे.

माझ्या फुफीला वीस वर्षं साखर होती. एका संध्याकाळी तिला बरं वाटेना. आम्ही तिला एका रुग्णालयात नेलं. रांग जिन्यापर्यंत आलेली. तरुण डॉक्टरने विचारलं, ‘छातीत दुखतं?’ फुफी म्हणाली, ‘नाही बेटा, दुखत नाही. नुसतं कासावीस होतंय. आणि हा हात जड झालाय.’ त्याने पुन्हा विचारलं, ‘पण दुखत नाही ना?’ ती म्हणाली, ‘नाही.’ ॲसिडिटीची गोळी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी फजरच्या आधी ती गेली.

त्या मुलाला शिव्या देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याने पुढच्या दोनशे माणसांनाही तपासलं असेल. पण भाचीच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी वाचल्या. एक, वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की बारीक नसा मरत जातात. पायाला काटा रुतला तरी कळत नाही तो याचमुळे. हृदयाकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसांचंही तसंच होऊ शकतं, आणि मग झटका येतो तो दुखल्याशिवाय. दोन, हृदयाच्या नसा आणि डाव्या हाताच्या नसा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकाच पट्ट्यात शिरतात, त्यामुळे हाक हृदयाची असते आणि मेंदूला ती हातातून आल्यासारखी वाटते. फुफी दोन वाक्यांत हेच तर सांगत होती! ‘दुखत नाही’ हे तिने खरंच सांगितलं होतं. ‘कासावीस’ या शब्दापाशी कुणी थांबलं नाही, कारण इंग्रजी पुस्तकातल्या लक्षणांच्या यादीत तो शब्द नव्हता.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, कधी मोजलेत? कळ येते, चमक भरते, उसण भरते, ठणका लागतो, ठसठसतं, सलतं, टोचतं, चुरचुरतं, जळजळतं, मुरडा येतो, गोळा येतो, शूळ उठतो. यातला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. सुजलेल्या जागी रक्त जास्त वाहतं आणि प्रत्येक ठोक्याला तिथला दाब वाढतो, म्हणून दाढेत पू झाला की ठणकतं, ते चमकत नाही. कळ येते, जाते, पुन्हा येते, कारण आतडं किंवा मूत्रनलिका आवळते, सैलावते, पुन्हा आवळते. चमक हालचालीबरोबर येते, ती बहुधा स्नायूची. मुंग्या येतात त्या नस दाबली गेल्यावर. आणि गंमत अशी की वैद्यकात याच घरातल्या एका संवेदनेला फॉर्मिकेशन म्हणतात, आणि लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगीच. रोमच्या माणसाच्या कातडीवर फिरणारी मुंगी आणि डोंबिवलीतल्या माणसाच्या पायात आलेली मुंगी, दोघी एकाच वारुळातल्या.

हे फक्त कवीचं खूळ आहे असं समजू नका. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने रुग्ण वेदनेसाठी वापरतात ते शब्द गोळा केले, ते गटांत लावले आणि १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वीस गट, अठ्ठ्याहत्तर शब्द. कुठला रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याच्या स्वरूपाचा अंदाज बांधता येतो, हे त्यामागचं सूत्र. जगभर ती वापरली जाते. शब्द हा तपासणीचा भाग आहे, रक्त-लघवीइतकाच, हे तिथे शास्त्राने मान्य केलं.

आपल्याकडेही ऐकून शिकलेले डॉक्टर झाले आहेत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर हे त्यांतलं ठळक नाव. रायगडात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात ते होते तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, फुप्फुसात पाणी होऊन मरत. उलट्या होतात, घामाने अंग निथळतं, हातपाय बर्फासारखे गार पडतात. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून ही लक्षणं टिपली आणि त्यांचा अर्थ पहिल्या वर्षाच्या शरीरक्रियेतून लावला. भीतीच्या वेळी अंगात जी रसायनं सुटतात, त्यांचा विंचवाच्या विषाने पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबापुढे थकतं. मग त्या वाहिन्या सैल करणारं, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन का देऊ नये? त्यांनी दिलं. १९८२ पासून त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये येत गेलं आणि कोकणातल्या विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या मुरबाड-शहापूरच्या बाजूला मण्यार आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, आणि बहुतेकदा दुखतसुद्धा नाही. पहाटे तो उठतो तो पोट धरून. मग म्हणतो, डोळे उघडेनात, घास उतरेना. अपचन झालंय म्हणून ओवा देऊन चालत नाही. नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो विष वाटेतच अडवतं. आधी पापण्या पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पूर्वी मुलं बेडकाच्या पायाची नस आणि स्नायू काढून हाच निरोप प्रयोगशाळेत शिकत, आता तो संगणकाच्या पडद्यावर बघतात. बेडूक सुटले, बरं झालं. पण पडद्यावरच्या आलेखाचा आणि ‘घास उतरेना’ या दोन शब्दांचा संबंध कुणीतरी मुद्दाम लावून द्यायला हवा.

आणि जे डॉक्टर नाहीत त्यांनाही यातलं थोडं कळलेलं बरं. सकाळची डोंबिवली फास्ट आठवा. एक मुलगी नाश्ता न करता, पाणी न पिता धावत चढली आहे. दरवाजापाशी ती इतकी चेपलेली की पाय हलवायला जागा नाही. उभं राहिल्यावर अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. चालताना पोटरीचे स्नायू ते पंपासारखं वर ढकलतात, इथे पोटरी स्वस्थ. वर उकाडा, त्याने कातडीतल्या वाहिन्या सैल. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती कोसळते. खरं तर कोसळणं हाच शरीराने काढलेला उपाय असतो. माणूस आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीत येतात आणि रक्त आपसूक पोचतं. पण आमच्या लोकलमध्ये कोसळायलाही जागा नसते, आणि भल्या बाया तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं ठेवतात! कुणी कांदा शोधतं, कुणी चप्पल हुंगवतं. तिला आडवं करा, पाय वर उचला. तेवढी जागा नसेल तर चौथ्या सीटवरच्या बाईला उठवून बसवा आणि डोकं गुडघ्यांत घालायला सांगा. शुद्धीवर लवकर आली नाही, तर पुढच्या स्थानकावर उतरवून मदत मागा. आणि अंधारी येतेय असं वाटलं की उभ्या उभ्या पोटऱ्या आवळून सोडत राहा. एवढं शरीरक्रियाशास्त्र रेल्वेच्या पासाच्या मागच्या बाजूला छापायला हरकत नाही.

मग डॉक्टरकी मराठीतून शिकवावी का, असं मला लोक विचारतात. १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तकं निघाली. त्यांत बरेच शब्द इंग्रजीच ठेवून नागरी लिपीत लिहिले आहेत. मला त्यात आक्षेपार्ह काही वाटत नाही, आणि फार मोठं काही घडलं असंही वाटत नाही. मुलांनी पुस्तक इंग्रजीत वाचावं, जगातलं नवं संशोधन त्या भाषेत येतं. माझा आग्रह रुग्णाच्या भाषेचा आहे. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला जो पायाभूत वर्ग असतो, त्यात स्थानिक भाषाही शिकवतात. फार चांगली गोष्ट. पण भाची सांगते त्यावरून तिथे ‘तुमचं नाव काय, कुठे राहता’ यावर भर. नाव केसपेपरवर असतंच हो! तिथे वॉर्डातल्या आयाबाईंना बोलवा. तीस वर्षं त्या रुग्णांचं ऐकत आल्या आहेत. त्यांना विचारा, मुरडा आणि कळ यांत फरक काय. एक मुंब्र्याची बाई आणा, ‘घबराहट’ म्हणजे तिला नेमकं काय होतं ते विचारा. धडधड, की दम कोंडणं, की नुसती चिंता?

मी स्वतः एक वही केली आहे. कल्याणच्या भाजीबाजारात, रिक्षाच्या रांगेत, मशिदीच्या ओट्यावर, कुणी दुखण्याबद्दल बोललं की शब्द उतरवून ठेवतो. दीडशेच्या वर झाले. परवा एका म्हातारीने मला सांगितलं, ‘जीव खालीवर होतो.’ मी ओळखीच्या तीन डॉक्टरांना याचा अर्थ विचारला. एकाने हृदयाचे ठोके चुकत असतील म्हटलं, दुसऱ्याने मळमळ म्हटलं, तिसऱ्याने विचारलं, तिचा मुलगा परगावी असतो का? मी म्हातारीकडे परत गेलो. मुलगा परगावीच होता. पण तिच्या नाडीवर बोट ठेवलं तर चार ठोके नीट पडत आणि पाचवा चुकत होता. तिला मंगळवारच्या ओपीडीला घेऊन जायचं ठरलं आहे. ती म्हणते, तिथे बोलायचं काय ते तूच सांग. मी सांगितलंय, जे मला सांगितलंत तेच, त्याच शब्दांत.